ब्रिटिश संसदेची याचिका-सेवा: सही पाच मिनिटांत, पण सार्वमताचा कौल तिथे फिरत नाही

पिटिशन डॉट पार्लमेंट डॉट यूके ही ब्रिटिश संसदेची अधिकृत सेवा आहे. तिला पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि पानावर जाहिराती नसतात. तिचा कस सगळ्यात जास्त लागला तो एकाच भांडणात. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि तो अमलात आणायचा की नाही, यावरून देश उभा दुभंगला. त्या वर्षी ‘सार्वमत पुन्हा घ्या’ म्हणणाऱ्या याचिकेवर साडेएकेचाळीस लाख सह्या झाल्या. २०१९ मध्ये ‘बाहेर पडण्याची प्रक्रियाच मागे घ्या’ म्हणणाऱ्या याचिकेवर ६१,०३,०५६ सह्या पडल्या, आणि या सेवेवरचा तो आजवरचा सगळ्यात मोठा आकडा आहे. दोन्ही मागण्या मान्य झाल्या नाहीत.

सह्या गोळा करून त्या उघडपणे मांडण्याच्या कामात ही सेवा पहिल्या दर्जाची आहे. सार्वमत उलटवण्यासाठी मात्र ती बनवलेलीच नाही, आणि हे नीट समजून न घेता सही करणाऱ्यांच्या पदरी निराशाच पडते.

सही कोण करू शकतो

ब्रिटिश नागरिक, मग तो जगात कुठेही राहत असो, आणि ब्रिटनचा रहिवासी, मग त्याचा पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो. मतदारयादीत नाव असण्याची अट नाही, वयाची अटही नाही. पुण्यात येऊन राहिलेला ब्रिटिश नागरिक देशांच्या यादीतून ‘इंडिया’ निवडून सही करू शकतो. लेस्टरमध्ये शिकणारी भारतीय विद्यार्थिनीही करू शकते, कारण ती तिथे राहते. व्हिजिटर व्हिसावर चार-सहा महिने नातवंडांकडे आलेले आजी-आजोबा मात्र रहिवासी ठरत नाहीत. त्यांनी सही करू नये.

सार्वमतात मत देण्याचे नियम याहून फार वेगळे होते, आणि त्याचा फटका आपल्याच माणसांना वेगवेगळ्या तऱ्हेने बसला. ब्रिटनमध्ये राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक मत देऊ शकत होते. म्हणजे कामाच्या व्हिसावर लंडनला गेलेला ठाण्याचा इंजिनिअर, यादीत नाव नोंदवलं असेल तर, या सार्वमताचा मतदार होता. युरोपियन युनियनच्या नागरिकांना, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडून, मत नव्हतं. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन स्विंडनमध्ये स्थायिक झालेली शेकडो कुटुंबं याच वर्गात मोडत होती. त्यांचं तिथे राहणंच पणाला लागलेलं असूनही त्यांना मतपत्रिका मिळाली नाही. पुढे ३० जून २०२१ च्या मुदतीआधी त्यांना सेटलमेंट योजनेत, म्हणजे युनियनच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क टिकवू देणाऱ्या योजनेत, अर्ज करावा लागला. पंधरा वर्षांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलेल्या ब्रिटिश नागरिकांनाही तेव्हा मत नव्हतं. या सगळ्यांना याचिकेवर सही करता येत होती. म्हणून सह्या करणारे आणि मतदान करणारे हे एकच लोक नव्हेत. पुढे आकड्यांची तुलना करताना हे विसरून चालणार नाही.

सही करताना काय घडतं, कुठे अडतं

याचिकेच्या पानावर सहीचं बटण दाबलं की पहिली चौकट येते: मी ब्रिटिश नागरिक किंवा ब्रिटनचा रहिवासी आहे. तिच्यावर खूण करायची. मग नाव, ईमेल, देश आणि ब्रिटनमध्ये असाल तर पोस्टकोड. पुढच्या पानावर ईमेल बरोबर आहे ना, असं पुन्हा विचारलं जातं. तिथे घाई करू नका. पत्त्यात एक अक्षर चुकलं तर सही हवेत जाते. त्यानंतर त्या पत्त्यावर एक लिंक येते. ती दाबली की मगच सही मोजली जाते.

सही वाया जाते ती सहसा याच शेवटच्या पायरीवर. फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं समजून लोक पान बंद करतात. इकडे ईमेल स्पॅममध्ये पडून राहतं. दहा-पंधरा मिनिटांत ते आलं नाही तर आधी स्पॅम तपासा, मग पुन्हा फॉर्म भरा. गर्दीच्या दिवशी ईमेल बरंच उशिरा येऊ शकतं.

पोस्टकोड चुकीचा किंवा जुना दिला तरी सही होते, पण ती भलत्याच मतदारसंघाच्या खात्यात जमा होते. घर बदललं असेल तर नवाच पोस्टकोड टाका. सह्या करणाऱ्यांची नावं छापली जात नाहीत. याचिका सुरू करणाऱ्याचं नाव मात्र पानावर सगळ्यांना दिसतं, आणि ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. २०१९ ची याचिका सुरू करणाऱ्या निवृत्त प्राध्यापिकेला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. वादग्रस्त विषयावर याचिका घालणार असाल तर आधी समाजमाध्यमांवरचा आपला पत्ता, फोन, घरच्यांचे फोटो काढून टाका.

याचिका सुरू करायला तुमच्याखेरीज पाच समर्थक लागतात. ते मिळाले की मसुदा तपासणीला जातो. सरकारच्या किंवा संसदेच्या हातात नसलेली मागणी, बदनामीकारक मजकूर, किंवा आधीच चालू असलेल्या याचिकेसारखीच मागणी असेल तर ती नाकारली जाते, आणि नाकारण्याचं कारण सहसा साइटवरच प्रसिद्ध होतं. शेवटच्या नियमाचा फायदा असा की सह्या दहा ठिकाणी विखुरत नाहीत. तोटाही तिथेच आहे: पहिल्या माणसाने मागणी जशी लिहिली, तशीच ती लाखोंच्या गळ्यात पडते. मान्य झालेली याचिका सहा महिने खुली राहते. १०,००० सह्यांना सरकारचं लेखी उत्तर मिळतं. १,००,००० झाल्या की याचिका समिती चर्चेचा विचार करते. ‘विचार करते’ असंच म्हटलं आहे. चर्चेची हमी नाही. ११ खासदारांची ही समिती २०१५ मध्ये नेमली गेली. तोवर अशा याचिका सरकारी साइटवर घेतल्या जात.

२०१६: मसुदाच लंगडा

याचिका क्रमांक १३१२१५. मागणी अशी: जिंकणाऱ्या बाजूला ६० टक्क्यांहून कमी मतं आणि मतदान ७५ टक्क्यांहून कमी असेल तर सार्वमत पुन्हा घ्या. निकालात ‘बाहेर पडा’ला १,७४,१०,७४२ मतं म्हणजे ५१.९ टक्के, ‘राहा’ला १,६१,४१,२४१ म्हणजे ४८.१ टक्के, आणि मतदान ७२.२ टक्के. म्हणजे याचिकेतल्या दोन्ही अटी इथे लागू पडत होत्या. म्हणून मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, निकाल लागला त्या २४ जूनला, लोक या याचिकेवर तुटून पडले आणि साइट काही काळ कोलमडली. गंमत नव्हे, पण ध्यानात ठेवण्यासारखी बाब ही की ही याचिका मतदानाच्या आधी, मे महिन्यात, बाहेर पडण्याच्या बाजूच्या कार्यकर्त्याने घातली होती. आपली बाजू हरेल या अंदाजाने त्याने ती लिहिली होती, आणि पुढे ती विरुद्ध बाजूच्या हातात गेली.

या मागणीत खरी खोट होती ती वेळेची. किमान टक्केवारीची अट सार्वमताच्या कायद्यात आधी लिहायची असते. १ मार्च १९७९ च्या स्कॉटलंडच्या सार्वमतात ती लिहिलेली होती: एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा. तिथे मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के ‘हो’ म्हणाले, पण एकूण मतदारांच्या हिशेबात ते ३२.९ टक्केच भरले आणि स्कॉटलंडला तेव्हा विधिमंडळ मिळालं नाही. नियम आधीपासून सर्वांना माहीत होता. २०१५ च्या युरोपियन युनियन सार्वमत कायद्यात अशी अट नाही. निकाल लागल्यावर ती घाला म्हणणं म्हणजे हरल्यावर नियम बदला म्हणणं. सरकारच्या उत्तराचा आशयही हाच होता: हा कौल एकदाच द्यायचा होता, तो दिला गेला, त्याचा मान राखला पाहिजे.

मात्र त्याच कायद्यात आणखी एक पोकळी होती, आणि कौल न मानणाऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तिच्यावरच उभा होता. निकाल सरकारवर बंधनकारक आहे, असंही तो कायदा कुठे म्हणत नाही. २०११ मध्ये मतदानपद्धतीवर सार्वमत झालं तेव्हाच्या कायद्यात ‘हो’ आलं तर मंत्र्याने बदल लागू करावा, अशी तरतूद होती. २०१५ च्या कायद्यात ती नाही, म्हणून कायद्याच्या नजरेत २०१६ चं सार्वमत सल्ल्यापुरतं होतं. पण मतदानाआधी सरकारने २.७ कोटी घरांमध्ये एक पत्रक पोहोचवलं, त्यावर ९३ लाख पौंड खर्च केले, आणि त्यात स्पष्ट लिहिलं की तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल. कायदा एक म्हणतो, सरकारचा शब्द दुसरं. दोन्ही बाजू आपापला कागद पुढे करत राहिल्या आणि दोन्ही कागद खरे होते. हा पेच सह्यांच्या आकड्याने सुटणारा नव्हताच.

खोट्या सह्या

त्याच २०१६ च्या याचिकेवर व्हॅटिकन सिटीतून ३९,००० हून जास्त सह्या दिसल्या. तिथली लोकसंख्या हजाराच्या आत आहे. कारण साधं आहे: देश ज्याने त्याने स्वतः निवडायचा आणि नागरिकत्व ज्याने त्याने स्वतः सांगायचं, म्हणून आपोआप फॉर्म भरणारी स्क्रिप्ट चालवून सह्या पाडता येतात. तपासणीनंतर सुमारे ७७,००० सह्या काढून टाकल्या गेल्या. एकूण आकड्याच्या मानाने हा दोन टक्क्यांहूनही कमी भाग आहे, पण विरोधकांना सगळी याचिका बोगस म्हणायला तो पुरला.

म्हणून कोणत्याही मोठ्या याचिकेची खबरबात काढताना वरचा मोठा आकडा बघून थांबू नका. याचिकेच्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जेसन’ जोडलं की पूर्ण माहिती उघडते: देशानुसार सह्या, मतदारसंघानुसार सह्या, आणि कोणती पायरी कधी ओलांडली त्याच्या तारखा. आधी ब्रिटनमधल्या सह्यांचा वाटा काढा. २०१९ च्या याचिकेवर गर्दी उसळली असताना समितीने सांगितलं होतं की सुमारे ९६ टक्के सह्या ब्रिटनमधल्या आहेत. मग परदेशांमध्ये फ्रान्स, स्पेन असे देश वर आहेत का ते बघा. तिथे ब्रिटिश लोक मोठ्या संख्येने राहतात, म्हणून तसं असणं स्वाभाविक आहे. एखादा चिमुकला देश अचानक वर आला तर संशय घ्या. इतकी माहिती उघडी ठेवणारी याचिका-सेवा विरळा. या एका गोष्टीसाठी तिला पूर्ण गुण द्यायला हवेत. साइटचा कोडही गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर खुला आहे.

२०१९: मसुदा चांगला, तरी हात रिकामे

याचिका क्रमांक २४१५८४ ची मागणी एका ओळीची होती: कलम ५० मागे घ्या आणि युरोपियन युनियनमध्येच राहा. कलम ५० म्हणजे युनियनच्या करारातलं, सोडत असल्याची औपचारिक सूचना देण्याचं कलम. ब्रिटनने ती २९ मार्च २०१७ ला दिली होती. १० डिसेंबर २०१८ ला युरोपियन न्यायालयाने निवाडा दिला की ही सूचना ब्रिटन एकट्याच्या निर्णयाने, इतर देशांच्या संमतीशिवाय, मागे घेऊ शकतो. म्हणजे मागणी प्रत्यक्षात येण्याजोगी होती, ब्रिटनच्याच हातातली होती, आणि मुदतीच्या आत करण्यासारखी होती. २०१६ च्या अटींच्या गुंत्यापुढे हा मसुदा कितीतरी सरस.

फेब्रुवारीत ती खुली झाली. २० मार्चला पंतप्रधान थेरेसा मे यांनी टीव्हीवरून भाषण केलं, बाहेर पडण्याच्या प्रक्रियेतल्या अडवणुकीचं खापर खासदारांवर फोडलं आणि मी तुमच्या बाजूने आहे असं जनतेला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मिनिटाला सुमारे २,००० सह्या पडू लागल्या आणि साइट वारंवार बंद पडली. नुसतं पान उघडून आकडा वाढताना बघत बसलेल्यांचा भारही मोठा होता. एवढ्या भाराला सेवा पुरी पडली नाही ही उणीव खरी. पण सह्या घेण्याचं काम ती पुन्हा पुन्हा उभी राहून करत राहिली, हेही नोंदवायला हवं.

२६ मार्चला सरकारचं उत्तर आलं: कलम ५० मागे घेणार नाही, २०१६ च्या कौलाचा मान राखू. १ एप्रिलला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा झाली. तीन याचिका एकत्र घेतल्या होत्या: सूचना मागे घ्या, दुसरं सार्वमत घ्या, आणि सार्वमताचा मान राखून ठरलेल्या मुदतीप्रमाणे २९ मार्चलाच बाहेर पडा. दुसऱ्या बाजूचे लोकही याच दारात उभे होते. युनियनशी कराराविना बाहेर पडा म्हणणारी आणखी एक याचिका सहा लाखांच्या वर गेली आणि तिच्यावर १४ जानेवारीला चर्चा झाली होती.

वेस्टमिन्स्टर हॉल हे मुख्य सभागृह नव्हे. तिथे याचिकांवरची चर्चा सहसा सोमवारी साडेचारला सुरू होते, फार तर तीन तास चालते, आणि ‘सभागृहाने या याचिकेचा विचार केला आहे’ एवढ्याच ठरावाने संपते. मागणीवर मतदान नसतं. कोणता खासदार काय बोलला हे मात्र हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत वृत्तांतात, कायमचं नोंदलं जातं. खरी मोजणी चालली होती मुख्य सभागृहात. २७ मार्चला कराराविना बाहेर पडण्याची वेळ आली तर सूचना मागे घ्यावी, हा प्रस्ताव १८४ विरुद्ध २९३ मतांनी पडला. १ एप्रिलला तसाच प्रस्ताव १९१ विरुद्ध २९२ ने पडला. दुसऱ्या जनमताचा प्रस्ताव मात्र त्या दिवशी २८० विरुद्ध २९२ इतक्या थोडक्यात हुकला. त्या १२ मतांपुढे साठ लाख सह्यांचा थेट काहीच जोर नव्हता. या भांडणाला कायद्याने वळण दिलं ते न्यायालयाने: २४ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ अशा बहुमताने ठरवलं की सूचना द्यायलाही संसदेचा कायदा लागेल.

आकडा कसा वाचायचा

६१ लाख विरुद्ध १ कोटी ७४ लाख अशी तुलना दोन्ही बाजूंनी केली जाते आणि ती दोन्हीकडून चुकीची आहे. सार्वमत गुप्त होतं, मतदारयादीवर होतं, एका दिवसाचं होतं आणि त्यात दोन पर्याय होते. याचिकेत एकच पर्याय असतो. विरोधाचं बटण नाही, यादीशी पडताळणी नाही, मुदत सहा महिन्यांची. ६१ लाखांवरून ‘देशाचं मन बदललं’ हे सिद्ध होत नाही: २०१६ ला ‘राहा’ म्हणणाऱ्यांच्या निम्मीही ही संख्या नाही. आणि ‘१ कोटी १३ लाखांनी कमी पडली’ म्हणणंही तितकंच फोल, कारण सही न करणारा विरोधात असतोच असं नाही.

याचिकेचा आकडा तीव्रता दाखवतो. लोक किती पेटून उठले आहेत, कुठे आणि कोणत्या दिवसापासून, हे त्यातून कळतं. खासदारासाठी महत्त्वाचा आकडा एकच: माझ्या मतदारसंघातून किती? ब्रिस्टल वेस्ट, केंब्रिज, ब्रायटन पॅव्हिलियन या ठिकाणी सह्यांचा ढीग पडला. तिथल्या मतदारांचा कल आधीच ‘राहा’कडे होता. म्हणजे जोर तिथे लागला जिथे तो लावण्याची गरज कमी होती.

कोणी वापरावी

सरकारची भूमिका लेखी स्वरूपात पदरात पाडून घ्यायची असेल, दुर्लक्षित विषय हॅन्सार्डमध्ये नोंदवायचा असेल, तर जरूर. सार्वमताचा किंवा निवडणुकीचा निकाल फिरवायचा असेल तर इथे शक्ती घालवू नका. ‘युरोपियन युनियनमध्ये पुन्हा सामील व्हा’ या याचिकेने लाखाचा टप्पा ओलांडला आणि २४ मार्च २०२५ ला तिच्यावरही वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा झाली. सरकारचं धोरण तसूभर हललं नाही. त्यापेक्षा मागणी लहान आणि एका खात्याच्या अखत्यारीतली ठेवा: सेटलमेंट योजनेत उशिरा आलेले अर्ज कसे हाताळावेत, घर भाड्याने घेताना राहण्याच्या हक्काचा डिजिटल पुरावा कसा दाखवावा. स्विंडनच्या गोवेकरांना अशा मागणीतून काही हाती लागण्याची शक्यता जास्त. सरकारचं उत्तर मागणीला बगल देणारं असेल तर समिती ते परत पाठवून नवं मागू शकते; तसं वाटलं तर समितीला मुद्देसूद कळवा.

सही केल्यावर त्याच पोस्टकोडने आपला खासदार शोधा आणि त्याला वेगळं ईमेल करा. त्यात पूर्ण पत्ता लिहाच, कारण पत्ता नसेल तर तुम्ही त्याच मतदारसंघातले आहात हे कळायला मार्ग नाही, आणि इतर मतदारसंघांतल्या पत्रांची दखल खासदार सहसा घेत नाहीत. ‘डॉट जेसन’ मधून आपल्या मतदारसंघाचा सह्यांचा आकडा काढून पहिल्याच ओळीत टाका. खाली आपली अडचण तीन-चार वाक्यांत, आणि खासदाराने नेमकं काय करावं ते एका वाक्यात: चर्चेला हजर राहा, अमुक मंत्र्याला लिहा, अमुक प्रश्न विचारा.